परतीचे तिकीट गौरीविसर्जनाच्या रात्रीचे नको

गणपतीसाठी कोकणात आलेल्या चाकरमान्यांनी मुंबईला परतताना गौरीविसर्जनाची रात्र आणि तिचा दुसरा दिवस शक्यतो टाळावा, कारण अनेक घरचे गणपती गौरींबरोबरच पोहोचवले जातात आणि गाड्यांना, तसेच राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, एकदम गर्दी उसळते. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होत असल्याने परतीची तारीख जाण्याच्या तारखेबरोबरच ठरवलेली बरी. या काळात कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू असते व गाड्या कमी वेगाने धावतात. म्हणून स्थानकावरून थेट कामावर हजर होण्याचा बेत न आखता मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा आणि तो रजेच्या अर्जातच धरावा (साहेब नंतर वाढवून देतीलच असे नाही). ओल्या खोबऱ्याचे पदार्थ बांधून घेऊ नयेत; कोकम, कुळथाचे पीठ खुशाल न्यावे.