वाईट बातमी सांगताना डॉक्टरांनी या चुका टाळाव्यात

नागपूरच्या रुग्णालयांत भंडारा-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे कर्करोगाचे रुग्ण येतात आणि अनेकदा ते इथे पोहोचतात तेव्हा आजार पसरलेला असतो. त्यामुळे वाईट बातमी सांगण्याची वेळ निवासी डॉक्टरवर फार लवकर येते. त्या वेळी होणाऱ्या चुका वरवर भाषेच्या वाटतात, पण त्यांचे मूळ डॉक्टरला स्वतःला वाटणाऱ्या मृत्यूच्या भीतीत असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘अजून एक सायकल (केमोथेरपीची फेरी) देऊन बघू’ हे वाक्य. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलेले पवनीकडचे एक शेतकरी आमच्या वॉर्डात होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या तरुण डॉक्टरच्या वडिलांचे निधन नुकतेच झाले होते. “साहेब, मले खरं सांगा न, किती दिवस हायेत?” असे ते रोज विचारत आणि तो दरवेळी नव्या केमोविषयी बोलू लागे. रुग्णाला दोन्ही मुलांत शेताची वाटणी करून द्यायची होती. बरे वाटले की तहसीलला जाऊ, असे म्हणत ते थांबले आणि वॉर्डातच गेले. मृतदेह नेताना दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. तो डॉक्टर निर्दयी मुळीच नव्हता. त्या खाटेवर त्याला स्वतःचे वडील दिसत होते आणि हे त्याला कोणी विचारलेही नव्हते.

जिव्हाळा वाढला की अंदाज चुकतो, हे अभ्यासातूनही दिसले आहे. निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमॉन्ट यांनी 2000 साली शिकागोतील 468 मरणासन्न रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या डॉक्टरांनी वर्तवलेल्या आयुर्मानापैकी फक्त 20 टक्के अंदाज बरोबर ठरले, 63 टक्के अतिआशावादी होते आणि ओळख जितकी जुनी तितकी अचूकता कमी होती. म्हणून ज्या रुग्णात जीव गुंतला आहे, त्याच्याबाबत मी आधी सहकाऱ्याचे मत घेते. मग दाराबाहेर थांबून स्वतःला विचारते, की मी जे बोलणार आहे त्याने दिलासा रुग्णाला मिळेल की मला.

दुसरी चूक म्हणजे नातेवाइकांना बाजूला घेऊन सगळे सांगणे आणि रुग्णाला अंधारात ठेवणे. “बाबूजींना सांगू नका, ते खचतील,” ही विनंती प्रेमापोटी येते, पण डॉक्टर ती इतक्या तत्परतेने मान्य करतो, कारण त्याचीही त्या संभाषणातून सुटका होते. मी रुग्णालाच विचारते, “तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे आणि कोणासमोर?” त्याने नको म्हटले, तर तो निर्णय त्याचा असतो.

नवशिक्यांना मात्र आयते सूत्र हवे असते. 2000 मध्ये मांडलेली ‘स्पाइक्स’ ही वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत उपयुक्त आहे, पण ती पाठ करून पाच मिनिटांत उरकणाऱ्याला मी खोलीत पाठवत नाही. ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारल्यावरची शांतता सहन होत नाही म्हणून लगेच आकडेवारी सांगू लागणे, ही त्याच घाईची खूण आहे.

उभ्या-उभ्या कॉरिडॉरमध्ये सांगू नये. कर्करोग पसरला आहे हे सांगण्याऐवजी ‘मेटास्टॅसिस’ म्हणून सुटका करून घेऊ नये. ‘आता काही करता येणार नाही’ हे तर कधीच म्हणू नये, कारण वेदनाशमनासाठी मॉर्फिन आहे, धाप कमी करता येते. काय सांगितले, ते रुग्णाच्या फाइलमध्ये त्याच शब्दांत लिहावे, म्हणजे रात्रपाळीचा डॉक्टर वेगळे काही सांगणार नाही.