इकडे नवीन आलात? मिक्सर आणि मॉड, दोन्हीच्या विजेचं सांगतो

अमेरिकेत नवीन आलेली आपली पोरं मला हमखास दोन प्रश्न विचारतात, एक म्हणजे घरचा मिक्सर आणू का आणि दुसरा, शनिवारी रात्री आपण सगळे माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी बांधायचा व्हिडिओ गेम) खेळतो त्या सर्व्हरवर, गेममधलं माझं मशीन का चालत नाहीये.

मिक्सरचं पटकन सांगतो. तिकडे भारतात 230 व्होल्ट, इकडे 120. लॅपटॉपच्या चार्जरवर 100-240 लिहिलेलं असेल तर नुसता पिनेचा अडॅप्टर पुरतो, मिक्सरला मात्र विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यापेक्षा इथेच 110-120 वाला घ्या.

आता सर्व्हर. मॉड म्हणजे गेमला जोडायची, चाहत्यांनी बनवलेली भर, आणि जुन्या काळी मशीनवाल्या प्रत्येक मॉडची वीज वेगळी होती, बिल्डक्राफ्टची एमजे, इंडस्ट्रियलक्राफ्टची ईयू, मग थर्मल एक्सपान्शनवाल्यांची आरएफ आली आणि बऱ्याच मॉडनी तीच उचलली, पुढे गेमच्या 1.10 आवृत्तीच्या सुमारास फोर्जनेच (ज्याच्यावर हे मॉड चालतात तो पाया) स्वतःची एफई दिली जी आरएफशी एकास एक आहे. म्हणून आज थर्मलचा डायनॅमो इमर्सिव्ह इंजिनिअरिंग या दुसऱ्या मॉडच्या तारेला जोडला तर काही करावं लागत नाही, सरळ चालतं. मेकॅनिझम नावाचं मॉड आत ज्यूलमध्ये मोजतं, 1 एफई म्हणजे 2.5 ज्यूल, पण त्याची युनिव्हर्सल केबल दोन्ही बाजूंनी स्वतःच बदलून देते. त्यामुळे आकडा अडीचपट दिसला म्हणून वीज वाढली असं समजून नाचू नका, युनिट बघा आधी (मी नाचलोय).

खरी गोची ईयूची. सहसा 1 ईयू म्हणजे 4 एफई धरतात, म्हणजे 32 ईयूचे 128 एफई, हिशोब सोपाय. पण एफईच्या मशीनला जास्त वीज दिली तर ते हवी तेवढी घेतं आणि गप्प बसतं, ईयूच्या मशीनला व्होल्टेज असतं. साधा मॅसरेटर (खनिज दळायचं मशीन) 32 ईयू प्रति टिकचा (टिक म्हणजे गेममधला सेकंदाचा विसावा भाग), त्याला मी एमएफईची (जास्त व्होल्टेज देणारी वीज साठवायची पेटी) वायर थेट लावली आणि भिंतीसकट उडवला, शेजारी मित्राची चेस्ट, म्हणजे सामानाची पेटी होती, तो अजून बोलून दाखवतो. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायचाच, पायरीपायरीने उतरवायचं, आणि हो, ग्रेगटेक मॉडमध्येही हाच धाक आहे.

क्रिएट मॉडवाल्यांनो, तुमच्याकडे वीजच नाही, फिरणारे दांडे आहेत, तर त्याला जोडायच्या क्राफ्ट्स अँड अॅडिशन्सचा अल्टरनेटर लावा, थोडी वाटेत जाते, जाऊदे.

आणि एका विजेची दुसरी करायचे हे दर कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) बदलता येतात बरं का. एकदा कुणीतरी दोन्हीकडचे दर वेगवेगळे टाकून ठेवले आणि वीज नुसती इकडून तिकडे फिरवली की वाढायची, आठवडाभर आम्ही सगळे अंबानी. आता ते बंद केलंय, शोधत बसू नका. शनिवारी रात्री नऊला या, तुमच्या घरी तेव्हा रविवारची सकाळ असते, आईचा फोन येणारच, हेडफोन दोन ठेवा.