विश्वास तोकडा वाटतो तेव्हा

अशा वेळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुठूनही उघडू नका. मार्ककृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातली १४ ते २९ वचनं काढा. आजारी मुलाचा बाप येशूला रडत सांगतो की माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासात मला मदत कर. एकाच श्वासात दोन्ही! तरी येशू त्याला परत पाठवत नाही, मुलगा बरा होतो. तेच वाक्य आपली प्रार्थना म्हणून मोठ्यानं म्हणा. दिवसभरासाठी तेवढं पुरे, खरंच. मन फारच जड असेल तर बायबलमधल्याच स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं स्तोत्र १३ वाचा. अवघी ६ वचनं. सुरुवात ‘किती काळ?’ या तक्रारीनं, शेवट गाण्यानं. गाण्यापर्यंत पोचवत नसेल, तर स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं.