वर्गातला लेख बाहेर छापायला पाठवताय? या चुका टाळा

पत्रकारितेच्या वर्गात चांगले गुण मिळालेला लेख जसाच्या तसा वृत्तपत्राकडे किंवा न्यूज पोर्टलकडे पाठवून देणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याची किंमत बहुतेक वेळा मुलाखत देणारा मोजतो.

असाइनमेंटसाठी माहिती घेताना विद्यार्थी सांगतो, "कॉलेजचं काम आहे, बाहेर कुठे येणार नाही." त्या भरवशावर समोरचा माणूस मोकळेपणाने बोलतो. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांवर एका विद्यार्थिनीने लेख केला होता. बारा-बारा तासांची ड्युटी आणि ओव्हरटाइमचा पत्ता नाही, हे एका रक्षकाने नावानिशी सांगितलं. शिक्षकांना लेख आवडला, "पाठव कुठेतरी" म्हणाले, आणि तो एका पोर्टलवर आला. रक्षकाला हे कळलं ते ठेकेदाराने बोलावून घेतल्यावर. पोर्टलच्या डेस्कने, म्हणजे मजकूर संपादित करणाऱ्या विभागाने, नंतर नाव काढलं, पण तोवर स्क्रीनशॉट फिरले होते. लेखातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. परवानगी मात्र फक्त वर्गापुरती होती.

म्हणून लेख पाठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक माणसाला पुन्हा फोन करायचा. लेख कुठे पाठवतोय, नाव येणार आहे का, आणि ऑनलाइन आला तर त्यांच्या नावाने शोधणाऱ्याला तो वर्षानुवर्षं सापडेल, हे तिन्ही स्पष्ट सांगायचं. नाव नको असेल तर नुसतं नाव गाळून भागत नाही. वय, गाव, कामाची जागा आणि पाळी एकत्र आली की ओळखीचे लोक लगेच ओळखतात. संपादक खरं नाव विचारणारच, तेव्हा ते त्यांना सांगितलं तर चालेल का, हेही त्याच फोनवर विचारा. नावांचं लेखन, हुद्दे आणि आकडेही तेव्हाच तपासून घ्या, कारण सत्राच्या सुरुवातीचे आकडे सत्र संपेपर्यंत जुने होतात. एवढे फोन करायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने लेख पाठवूच नये. शिक्षकांनी तर असाइनमेंट देतानाच "हे बाहेर छापलं जाऊ शकतं, तसं सांगूनच बोला" अशी सवय लावावी.

दुसरी चूक उतावळेपणाची: एकच लेख एकाच वेळी पाच संपादकांना. पुरवणीचा संपादक लेख निवडतो तेव्हा पानावर जागा धरतो, उपसंपादक त्यावर तास-दोन तास घालवतो, चित्र काढून घेतलं जातं. तोच लेख रविवारी दुसऱ्याही पुरवणीत दिसला की दोन्ही डेस्क ते नाव लक्षात ठेवतात, आणि पुढचा लेख चांगला असला तरी उघडला जात नाही. एका वेळी एकच ठिकाण, आणि मेलमध्येच तारीख: "अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर लेख दुसरीकडे पाठवेन." ताज्या घडामोडीवरचा मजकूर असेल तर २४ ते ४८ तास, फीचरसाठी, म्हणजे तातडीची बातमी नसलेल्या सविस्तर लेखासाठी, ७ ते १० दिवस पुरेत. मध्ये एकदा आठवण करा, मुदत संपली की लेख मागे घेतल्याची एक ओळ पाठवा, मगच दुसरं दार. ब्लॉगवर किंवा कॉलेजच्या अंकात आधी आलं असेल तर तेही सांगा. अनेक संपादक त्याला प्रसिद्ध झालेलंच धरतात.

मेलच्या विषयात नुसतं "लेख" लिहू नका. मेलमध्ये १५० शब्दांचं टिपण पुरतं: नवीन काय, आत्ताच का, कोणाकोणाशी बोललात, शब्द किती, फोटो आहेत का, आणि तुमचा फोन नंबर. त्या माध्यमात या विषयावर आधी काय आलंय, हे शोधल्याशिवाय टिपण पाठवण्यात अर्थ नाही.

मजकूर पीडीएफमध्ये नको, सहज संपादन करता येत नाही. जुन्या फॉन्टमध्येही नको; समोर अक्षरांचा नुसता कचरा उघडतो. युनिकोडच, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट दिसणारं टायपिंग.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्याची फाइल लहान होते आणि दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने मूळ फाइल द्या. छपाईला साधारण ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) लागतं, म्हणजे ६ इंच रुंद फोटोसाठी १८०० पिक्सेल. कॅप्शनमध्ये डावीकडून उजवीकडे नावं, ठिकाण, तारीख आणि फोटो कोणी काढला ते.

मित्र, रूममेट आणि आपलेच प्राध्यापक एवढ्यांवर उभा राहिलेला लेख डेस्कवर पहिल्या वाचनात ओळखू येतो.

शिक्षकांच्याही चुका कमी नाहीत. तीस असाइनमेंट एका मेलला जोडून "यातलं योग्य ते घ्या" म्हणणं म्हणजे आपलं निवडीचं काम संपादकावर ढकलणं. त्यातल्या दोनच निवडा, आणि मेल विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाने पाठवू द्या. मार्गदर्शन केलं म्हणून बायलाइनमध्ये, म्हणजे लेखकाच्या नावाच्या ओळीत, स्वतःचं नाव घालणं तर सरळ चूक आहे. माहिती ज्याने गोळा केली आणि मजकूर ज्याने लिहिला, बायलाइन त्याची. स्वतःचा शोधनिबंध वृत्तपत्राला देताना पूर्वसंशोधनाचा आढावा आणि पद्धतीचं प्रकरण पूर्ण काढा. निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात आणा, ८०० शब्दांत थांबा, आणि संदर्भांची स्वतंत्र यादी संपादकाला पडताळणीसाठी द्या.

लेख आल्यावर छापील मजकूर आपल्या प्रतीशी ताडून पाहा. शीर्षक डेस्कच देतं, त्यावरून वाद घालू नका. पण संपादनात आकडा किंवा अर्थ बदलला असेल, तर चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य आणि पुरावा त्याच दिवशी पाठवा, आणि दुरुस्ती झाल्याचं मुलाखत दिलेल्या माणसालाही कळवा.