बी मृगाच्या आधी बंद झालं पाहिजे: घरचं देशी बियाणं वर्षानुवर्षं टिकवायचं कसं

आपल्या मराठवाड्यात बी वाळवायला कुणी शिकवायची गरज नाही, उन्हाळाच तसा आहे, पण वाळवलेलं बी पुढं सांभाळायचं कसं इथं बहुतेक घरी चुकतंय आणि मग लोक म्हणतात देशी बियाणं उगवतच नाही, कंपनीचंच बरं. बी खराब नसतं हो, ठेवण खराब असते. म्हणून हे सविस्तर लिहितोय, खास करून ज्यांच्याकडं आजीच्या हातची अंबाडी, गावरान वाल, दोडका, भेंडी, मालदांडी ज्वारी, लाल तूर असं काही अजून शिल्लक आहे त्यांच्यासाठी, कारण ते एकदा गेलं की मोंढ्यात पैसे देऊन पण मिळत नाही.

आधी हे लक्षात घ्या की बी जिवंत असतंय. आतलं कोंब झोपेत असतंय आणि ते थोडं थोडं श्वास घेत असतंय. ओल वाढली, उष्णता वाढली की हा श्वास जोरात चालतो, साठवलेलं अन्न संपतं, बी आतूनच म्हातारं होतं, वरून मात्र तसंच टपोरं दिसतं. बियाणं शास्त्रात याचे दोन ठोकताळे फार जुने आहेत: बियातला ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट, आणि साठवणीच्या जागेचं तापमान पाच डिग्रीनं कमी केलं की परत दुप्पट. म्हणजे दहा टक्के ओलाव्याचं बी आठवर आणलं तर चौपट टिकणार, त्याला फ्रीज पण लागत नाही. अजून एक हिशोब आहे, खोलीचं तापमान फॅरनहाइटमधे आणि हवेतली आर्द्रता टक्क्यात, दोन्हीची बेरीज शंभरच्या आत पाहिजे. आता आपल्याकडं मे मधे घरात ३८ डिग्री सेल्सिअस म्हणजेच १०० फॅरनहाइट होतं, हिशोब तिथंच संपला. त्यामुळं उघड्यावर ठेवलेलं बी मराठवाड्यात टिकणारच नाही, तापमान आपल्या हातात नाही, ओल मात्र आहे. सगळा जोर ओलीवर लावायचा.

आणि इथंच आपलं नशीब चांगलं आहे. एप्रिल-मे ची दुपारची हवा इतकी कोरडी असते की ती बियातलं पाणी फुकटात ओढून घेते. तीच हवा जुलै-ऑगस्टमधे ८० टक्क्याच्या पुढं ओली होते आणि उघड्या बियाला पाणी परत पाजते. म्हणजे मे मधे वाळवलेलं बी पोत्यात तसंच सोडलं तर पोळ्यापर्यंत सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, डबा बंद झालाच पाहिजे, ही तारीख चुकवू नका.

वाळवताना घाई नको. बी काढलं, सुपात पाखडलं, पोचट, फुटकं, किडकं, डाग असलेलं सगळं बाजूला काढलं, मग सुती धोतर नाहीतर बारदाना अंथरून पातळ पसरायचं. सिमेंटच्या स्लॅबवर किंवा पत्र्यावर डायरेक्ट टाकू नका, मे मधे तो तवा असतो, बी चाळीसच्या पुढं तापलं की कोंब भाजतं. सकाळचं ऊन अकरापर्यंत, मग सावलीत वारा लागेल असं, आणि संध्याकाळी गोळा करून घरात, रात्री बाहेर ठेवलं तर दव पितं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर माळवदावर सकाळी आणि ओसरीत दुपारी, ह्याच्यापेक्षा भारी ड्रायर नाही. सोयाबीन वेगळं, त्याचं टरफल लई नाजूक, ऑक्टोबरात काढणीलाच सांभाळायचं, मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, उंचावरून पोतं आपटायचं नाही, पाच-सहापेक्षा जास्त पोत्यांची थप्पी लावायची नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून आपल्या भागात किती तक्रारी झाल्या, दुबार पेरणी किती जणांना करावी लागली, सगळ्यांना आठवत असेल.

वाळलं का नाही हे कसं कळणार? ज्वारी दाताखाली कट्ट वाजली पाहिजे, दबली तर ओली. भोपळा, काकडी, दोडक्याचं बी वाकवून बघा, वाकलं तर अजून ऊन दाखवा, मोडलं तर झालं. मिठाचा एक प्रयोग पण आहे, काचेच्या कोरड्या बाटलीत बी आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा, मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्याच्या वर आहे. पण मीठ चिकटलं नाही म्हणजे काम झालं असं समजू नका बरं का, पंधराच्या खाली आलं एवढंच कळतं, आपल्याला त्याच्या कितीतरी खाली जायचंय: साध्या पोत्यात ज्वारीला बारा, तूर-हरभऱ्याला नऊ, आणि हवाबंद डब्यात ठेवायचं तर दोन्हीला आठ, कांद्याला सहाच. मोंढ्यात आडत्याकडं ओलावा मोजायचं मशीन असतंच, सोयाबीन विकायला जाताना मूठभर बी खिशात टाकून न्या, लगेच आकडा कळतो. भाजीपाल्याचं थोडंसंच बी असेल तर शेवटचा हात असा मारा: तांदूळ तांबूस होईपर्यंत भाजायचे, झाकून गार करायचे, बियाच्या दुप्पट तांदूळ बरणीत खाली आणि वर बियाची सुती पुरचुंडी, झाकण गच्च, पंधरा दिवस. मग बी काढून दुसऱ्या कोरड्या बाटलीत. सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, मिळाली तर बियाच्या वजनाएवढी घ्या, आठवडा पुरतो.

आता भांडं. मडकं दिसायला छान, आपल्या म्हाताऱ्यांनी उतरंडीत ठेवलं, धान्याच्या बळदात ठेवलं, जमिनीतल्या पेवात ठेवलं, पण ते एका वर्षासाठी, दरवर्षी पेरून बी नवं व्हायचं. मडकं माती आहे, ओल आरपार येते. चार-पाच वर्षं ठेवायचं असेल तर काचेची रबरवाली बरणी, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, नाहीतर कोल्ड्रिंकची जाड बाटली, धुऊन दोन दिवस उलटी वाळवलेली. बाटली गळ्यापर्यंत भरा, अर्धी ठेवू नका. रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे भुंग्याला, म्हणजे दाणा पोखरणाऱ्या किड्याला, श्वास. गच्च भरलेल्या बंद बाटलीत आतला ऑक्सिजन संपतो आणि भुंगा आपोआप मरतो. पातळ कॅरीबॅगमधे गाठ मारून ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच.

भुंग्याचं जरा जवळून सांगतो. तुरीचा, मुगाचा, चवळीचा दाणा उजेडात धरा, सालीवर पांढरा बारीक ठिपका दिसेल, मोहरीपेक्षा लहान, नखानं खरवडला तर निघतो. ते अंडं आहे. हा भुंगा नुसता घरातच लागत नाही, वावरात पण शेंगेवर अंडी घालतो आणि दाण्यासोबत घरी येतो, अळी आतच वाढते, आणि तिचा भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येतो तेव्हा आपल्याला कळतं. म्हणून कडधान्य काढलं की लगेच ऊन, लगेच निवडणं, आणि मग चाळलेली गार कोरडी गोवरीची राख मिसळून भरायचं. राखेनं किड्याच्या अंगावरचा थर खरवडला जातो आणि तो सुकून मरतो, ही पद्धत नुसती श्रद्धा नाही. कडुलिंबाचा पाला टाकायचा तर सावलीत पार कुरकुरीत वाळलेला, हिरवा पाला टाकणं म्हणजे आपणच डब्यात पाणी घालणं. आणि हात जोडून सांगतो, फॉस्फिन गॅस सोडणाऱ्या त्या गोळ्या राहत्या घरात बियात टाकू नका, त्या गॅसनं झोपेत माणसं गेलीत, लेकरं गेलीत.

जागा म्हणाल तर पत्र्याच्या खोलीत, शेतातल्या आखाड्यावर, गच्चीवरच्या टाकीशेजारी अजिबात नको. घरातली सगळ्यात गार आतली खोली, जमिनीलगत पण फळीवर, भिंतीला न टेकवता, अंधारात. फ्रीजमधे ठेवायचं तर बी आधी पार वाळलेलं आणि बाटली सीलबंद पाहिजे, नाहीतर फ्रीजच्या ओलीनंच मरतं. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, रात्रभर तशीच राहू द्या, गार बियावर बाहेरच्या हवेचं पाणी सुटतं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत आणि नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीज कोठारात उणे १८ डिग्रीला बी ठेवतात, पण तिथं पण आधी वाळवणं, मगच गारठा.

सगळं बी सारखं टिकत नाही. कांदा आणि सोयाबीन पुढच्या हंगामापुरतंच धरा. भुईमूग दाणे नाही, शेंगाच ठेवा. भेंडी, मिरची दोन-तीन वर्षं, वांगं, टमाटं, भोपळा, काकडी चार-पाच वर्षं आरामात. आंब्याची कोय, जांभूळ, फणस मात्र वाळवायचंच नाही, वाळलं की मेलं, निंबोळी पण ताजीच लावा. आणि हायब्रिडचं बी साठवायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या पिढीत सगळं वेगवेगळं निघतं.

प्रत्येक बाटलीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाका, वाणाचं नाव, कुणाकडून आलं, कोणत्या महिन्यात काढलं. पेनाची शाई उडते. आणि एकाच वाणाच्या दोन बाटल्या करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवली तर अजून उत्तम. सगळं बी एकाच पेरणीत कधीच टाकायचं नाही, आपल्याकडं पाऊस महिनाभर दडी मारतो, अर्धं हातात असेल तरच दुबार पेरणीला वाण वाचतो. देशी बी ठेवणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, ब्रँड न लावता विकणं, हा २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला दिलेला हक्क आहे, कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी उगवण बघाच. न निवडता सरसकट शंभर दाणे मोजा, ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वरून दुसरा ओला तुकडा, गुंडाळून सावलीत, रोज थोडं पाणी शिंपडा, सातव्या दिवशी धड कोंब आणि मूळ दोन्ही असलेले मोजा. सोयाबीनला सत्तर, ज्वारी-तुरीला पंच्याहत्तर, हरभऱ्याला पंच्याऐंशी आले तर बिनधास्त पेरा. थोडे कमी आले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवा. जुन्या वाणाची उगवण पन्नासच्या जवळ आली असेल तर अजून एक वर्ष थांबू नका, त्याच हंगामात परसात दोन ओळी लावा आणि नवं बी धरा.