औक्षणाच्या फोटोत चेहरा काळा येतो? माझा अनुभव

लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला तेच: मागची खिडकी लख्ख, तिचा चेहरा काळा. फ्लॅश लावला तर निरांजनाचा उजेडच मरायचा. नाइट मोडमध्ये आईचा ओवाळणारा हात पुसट. चार वर्षांचे फोटो वाया गेले, याची फार हळहळ वाटते.

यंदा आधी पाट फिरवला, खिडकी तिच्या डाव्या हाताला आली. लेन्स सुती कापडाने पुसली. तेलकट बोटांमुळे ज्योतीभोवती धुरकट वलय येतं. फ्लॅश बंद. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडी घालून बसलो. फोनच्या स्क्रीनवर तिच्या गालावर बोट दाबून धरलं, फोकस लॉक झाला; मग उजेड कमी-जास्त करणारं सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढलं, ज्योत पिवळी दिसेपर्यंत. ताम्हण वर येऊन क्षणभर थांबतं, तेव्हाच बटण दाबलं. कुंकवाला चिकटलेली अक्षतसुद्धा स्पष्ट आली.