मधलं बटण सुटेपर्यंत थांबायचं

इनपुट ड्रायव्हर, म्हणजे कीबोर्ड-माउसचे इशारे संगणकाला समजावणारं कोड, शिकायला सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं, तर मी कीबोर्डमधल्या त्या लाल ठिपक्याचं, ट्रॅकपॉइंटचं नाव घेते. आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड ७००सी या लॅपटॉपसोबत तो आणला. जी, एच आणि बी यांच्या मध्ये बसलेला हा ठिपका जागचा हलत नाही. बोटाचा जोर मोजून कर्सरचा वेग ठरवतो. खरी गंमत आहे ती खालच्या मधल्या बटणात. दाबून धरून ठिपका रेटला की पान सरकतं, नुसतं दाबून सोडलं की मधला क्लिक होतो. एका बटणाला दोन अर्थ, आणि दाबल्या क्षणी कोणता ते कुणालाच माहीत नसतं.

अभ्यासासाठी मी लिनक्स कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) हिड-लेनोवो या लेनोवो कीबोर्डच्या ड्रायव्हरची प्रत घेतली आणि त्यातला मधल्या बटणाचा भाग मुद्दाम काढून टाकला. काय मोडतं ते पाहायचं होतं. टर्मिनलमध्ये पान सरकवलं आणि आधी निवडलेला मजकूर तिथे येऊन चिकटला! लिनक्सवर मधला क्लिक म्हणजे पेस्ट. बटण दाबल्याचा इव्हेंट, म्हणजे उपकरणाकडून आलेली नोंद, आधी पोचला होता; चाकाचे, म्हणजे स्क्रोलचे इव्हेंट मागून आले.

मूळ कोडमध्ये यावर तीन अवस्था आहेत: शून्य म्हणजे बटण वर, एक म्हणजे दाबलंय पण ठरलेलं नाही, दोन म्हणजे स्क्रोल चालू. दाबल्याचा इव्हेंट ड्रायव्हर पुढे जाऊच देत नाही. मधे चाक फिरलं तर अवस्था दोन होते. बटण सुटताना ती अजून एकच असेल, तर ड्रायव्हर दाबणं आणि सोडणं दोन्ही तेव्हाच पाठवतो. इतकं थोडं कोड, पण मला ते फार आवडतं.

तेच मी न बघता पुन्हा लिहिलं आणि अडकले. इव्हेंट दाखवणाऱ्या इव्हटेस्टमध्ये दाबणं-सोडणं अशा दोन्ही ओळी दिसत होत्या, ब्राउझरला मात्र क्लिक कळत नव्हता. दाबणं आणि सोडणं यांच्या मधला सिंक, म्हणजे ‘इथवरचे इव्हेंट एकत्र घ्या’ ही खूण, मी विसरले होते. एकाच सिंकमध्ये बटण खाली जाऊन वर आलं, तर कर्नलचे इव्हेंट वाचून वर पोचवणाऱ्या लिबइनपुटच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. हे समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

म्हणून कोडला हात लावण्याआधी इव्हटेस्ट चालवा. बटण धरून ठिपका रेटल्यावर चाकाचे इव्हेंट दिसले, तर स्क्रोल कीबोर्डच बनवतोय. बिघाड फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या कोडमध्ये) किंवा कर्नल ड्रायव्हरमध्ये शोधा. फक्त एक्स आणि वाय, म्हणजे कर्सर हलवणारे इव्हेंट दिसले, तर स्क्रोल वरच्या थरात लिबइनपुट बनवतं. लॅपटॉपमध्ये बसवलेल्या ठिपक्याचं बहुतेक असंच असतं, आणि तिथे कर्नल खणण्यात दिवस जातात. बटण २०० मिलिसेकंद धरून मग ठिपका रेटला की लिबइनपुट ते स्क्रोल मानतं, त्याआधी किंवा स्क्रोल न होता सोडलं तर क्लिक देतं. हळू क्लिक करताना ठिपका जरा रेटला गेला तर क्लिक हरवतो तो यामुळे.

लॅपटॉप झोपवून उठवूनही तपासा. बटणाचा मोड बदलण्याची आज्ञा ड्रायव्हर सुरुवातीला कीबोर्डला देतो; जाग येताना उपकरण रीसेट झालं तर ती पुन्हा द्यावी लागते. कर्नलमध्ये ही दुरुस्ती २०२३ मध्ये आली.

पॅच, म्हणजे कोडमधला बदल कर्नलसाठी पाठवताना एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा, चुका तपासणारं चेकपॅच चालवा, आणि कुणाला पाठवायचा ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगेल. वर्णनात बदलाआधीचे आणि नंतरचे इव्हटेस्टचे निकाल द्या, म्हणजे तपासणाऱ्याकडे तोच कीबोर्ड नसला तरी काय बदललं ते त्याला दिसेल.